रेनातोकाकांच्या गाण्याचा किस्सा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. अनघाला नाही. बायको आहे माझी, एकतीस वर्षं झाली, तिला माझ्या दातांच्या कवळीपासून सगळं ठाऊक आहे — पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखत असाल तर माईकसमोरचा सुधीर ओळखत असाल, आणि तो फार बरा माणूस आहे.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी मंडळात गाण्यांचा कार्यक्रम असला की निवेदन माझं. बावीस वर्षं. आपल्याकडे गाणं नुसतं गाऊन भागत नाही ना — त्याआधी कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं की ही ओळ कवीला कुठे सुचली, चाल कशी तीनदा बदलली, रेकॉर्डिंगच्या दिवशी गायिकेला कसा ताप होता. किस्सा लागतो. आणि किस्सा नसला तर? थोडा तयार करायचा. थोडं मीठ-मसाला. लोक नंतर बटाटेवडा खाताना म्हणतात, "सुधीर, गाण्यापेक्षा तूच लक्षात राहतोस बघ." मी "छे, काहीतरीच काय" म्हणतो आणि घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत राहतो. नोकरीत मी डेटाबेस सांभाळतो. तिथे मला कुणी असं काही म्हणत नाही.

मुद्द्यावर येतो. नाही — आधी गाणं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय कळणार नाही.

गाणं इटालियन आहे. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर तुम्ही लगेच फोनवर लावाल, आणि ते इतकं गोड आहे की पुढचं ऐकायची इच्छाच राहणार नाही. तुम्ही ते ऐकलेलं असणार. कॉफीच्या जाहिरातीत, रेस्टॉरंटमध्ये, लिफ्टमध्ये. लग्नांत त्यावर नाचतात. पण त्याचा जन्म अगदी फजितीचा. एका लहान गावातल्या संगीतशिक्षकाने ते गावच्या जत्रेसाठी लिहिलं, एका जाड्या गायकाने धडाधड कवायतीसारखं म्हटलं, आणि लोक हसले. पुढे कुणीतरी ते एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं, जागा भरायला. ती रेकॉर्ड एका स्टेशनवरच्या बारमध्ये ज्यूकबॉक्सात पडून होती. आणि त्या स्टेशनात उत्तरेच्या गाड्या मिळायच्या — बेल्जियमच्या खाणींकडे, जर्मनीच्या कारखान्यांकडे, इंग्लंडच्या वीटभट्ट्यांकडे. दक्षिणेची पोरं गाडी बदलायला तिथे तीन-चार तास बसून असायची. त्यांनी ती मागची बाजू लावली, आणि परत परत लावली. कारण त्या गाण्यातला माणूसही गाव सोडून निघालाय आणि मुलीला सांगतोय, चेस्टनट दोनदा पिकतील, म्हणजे दोन वर्षं, तोवर माझी वाट बघ.

मग परदेशातून रेकॉर्डसाठी पत्रं यायला लागली. मग एका गायिकेने ते संथ लयीत म्हटलं आणि ते सगळ्या इटलीचं झालं. मग इंग्रजी आवृत्ती निघाली — तिच्यात चेस्टनट गेले, निरोप गेला, आणि चंद्र आला. "इंग्रजांना चेस्टनटचं काही नाही," रेनातोकाका म्हणाले होते. "मून घातला की सगळ्यांना चालतं."

रेनातोकाका आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. शहाऐंशी वर्षांचे. तरुणपणी चार वर्षांच्या करारावर बेडफर्डजवळच्या वीटभट्टीत आले ते इथलेच झाले, आणि म्हातारपणी मुलगी जवळ हवी म्हणून इकडे घर घेतलं. "काका" हे अनघाचं. त्यांच्या बायकोला, असुंताला, ती असुंताकाकू म्हणायची, आणि त्या दोघांना ते इतकं आवडलं की ख्रिसमसच्या कार्डावर सही करताना ते तसंच लिहायचे. त्यांची मुलगी कार्ला, पन्नाशीची, शाळेत शिकवते. आणि काकांचं हिपचं ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी त्यांच्याकडे यायची ती शुभदा.

शुभदा वर्ध्याकडची. नागपूरला नर्स होती, इकडे केअर वर्करच्या व्हिसावर आली. एजन्सी पाठवेल त्या घरी जायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, पुढच्या घरी जायचं, बसने, पावसात. मुलगी सात वर्षांची, सासूकडे नागपूरला. अनघाने तिला एकदा घरी आणलं तेव्हापासून अधूनमधून जेवायला यायची. मला दादा म्हणायची. मंडळाच्या कोरसमध्येही घेतलं होतं तिला — म्हणजे मागच्या रांगेत.

तर त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात मी ठरवलं, जगभरची प्रेमगीतं घ्यायची. हे इटालियन गाणं आमच्या मंडळाची मधुरा म्हणणार, मी केलेल्या मराठी शब्दांत. आणि निवेदनासाठी किस्सा हवा. घरापासून वीस पावलांवर इटालियन माणूस असताना मी पुस्तकं कशाला धुंडाळू?

ऑगस्टमधली दुपार होती. काका मागच्या गार्डनमध्ये टोमॅटोच्या कुंड्यांपाशी खुर्ची टाकून बसले होते, शुभदा सकाळीच काम आटपून गेली होती, काकू चर्चच्या बायकांकडे. मी विचारलं. त्यांनी ते सगळं सांगितलं — शिक्षक, जाड्या गायक, स्टेशनचा बार. ते स्वतः त्या बारमध्ये बसले होते. मी वहीत लिहून घेत होतो. आणि मग त्यांनी ते सांगितलं जे मी विचारलं नव्हतं.

गावात एक मुलगी होती, लीना. इकडे आल्यावर पहिल्या पगारात त्यांनी ती रेकॉर्ड घेतली आणि तिला पाठवली. गाण्यात आहे तसंच लिहिलं — दोनदा पिकतील, तोवर. मग इथे असुंता भेटली, एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला होती. लीनाला त्यांनी कळवलं नाही. काय लिहायचं, हे सुचेना, म्हणून लिहिलंच नाही. ती नऊ वर्षं थांबली. आणि असुंतासमोर साखरपुड्याला त्यांनी गाणं म्हटलं ते तेच, कारण दुसरं येतच नव्हतं. काकूंना वाटतं गाणं त्या दोघांचं आहे. लग्नात त्यावरच नाचले. दर लग्नाच्या वाढदिवसाला काकू स्वतः ती रेकॉर्ड लावतात. "ती लावते," काका म्हणाले, "आणि मला लीना दिसते. साठ वर्षं. हे गाणं म्हणणारा वाट बघत नाही, सुधीर. वाट ऐकणारीला बघावी लागते."

मग त्यांनी माझा हात धरला. "असुंता, नो. कार्ला, नो."

मी म्हणालो, "ऑफ कोर्स."

खोटं कशाला बोलू — ऑफ कोर्स म्हणत असतानाच माझ्या डोक्यात निवेदनाचं पहिलं वाक्य तयार होत होतं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी काकांना स्ट्रोक आला. जीव वाचला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता तरी हा किस्सा सांगू नये, असं वाटलं नाही का मला? वाटलं. दोन दिवस वाटलं. मग मी स्वतःची समजूत घातली, आणि ही समजूत तुम्हीही कधीतरी घातली असेल — मराठीत तर सांगायचंय! कुणाला कळणार आहे? सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या माणसाच्या शर्टाबद्दल आपण मराठीत खुशाल बोलतो आणि तो वळला की त्याच्याकडे बघून हसतो. इतकी वर्षं इथे राहून माझ्या हाडात बसलंय ते. मराठीत बोललं म्हणजे घरातल्या घरात बोललं.

मी सांगितलं. शाळेच्या हॉलमध्ये, दीडशे माणसांसमोर. "आमच्या शेजारचे एक इटालियन आजोबा" असं म्हणालो, त्यांचं नाव घेतलं नाही. पण लीनाचं नाव बदललं नाही. का बदलू? लीना! आपल्यातलंच नाव वाटतं की नाही? मी ते उच्चारलं आणि हॉलमध्ये बायकांच्या तोंडून "अगंबाई" निघालं — मी ते ऐकलं, मला ते हवंच होतं. शेवटी काकांचं ते वाक्य, म्हणणारा वाट बघत नाही, ते मी माझं म्हणून म्हटलं. मधुरा गायला लागली तेव्हा अर्धा हॉल रडत होता. मागच्या रांगेत शुभदाही डोळे पुसत होती.

मंडळाने व्हिडिओ टाकला. इथे जन्मलेल्या मुलांना कळावं म्हणून सेक्रेटरींच्या मुलीने, रियाने, खाली इंग्रजी सबटायटल्स दिले होते. मनापासून केलं होतं पोरीने, एक वाक्य सोडलं नव्हतं. मी तो व्हिडिओ फोनवर बघितला, सबटायटल्स बंद ठेवून, फक्त मी कसा दिसतो ते बघायला. आणि लिंक कार्लाला पाठवली. मीच! वर लिहिलं, बाराव्या मिनिटाला तुमच्या घरातलं गाणं आहे, आईला दाखव, बरं वाटेल तिला.

कार्लाने रविवारच्या जेवणानंतर आईला दाखवलं. टीव्हीवर, मोठं करून.

सोमवारी ती आमच्या दारात उभी होती. ओरडली नाही. आई कालपासून जेवली नाही, एवढं म्हणाली. आणि विचारलं, "हे तुला डॅडने सांगितलं?"

आता बघा, इथे एक "हो" पुरला असता. हो, त्यांनी सांगितलं, कुणाला सांगू नकोस म्हणाले होते, मी सांगितलं, चुकलो. तिने दार आपटलं असतं. मंडळात कळलं असतं. काही महिने मला कुणी माईक दिला नसता. बस. एवढंच होतं हो! एवढंच जाणार होतं माझं.

मी म्हणालो, "नाही, नाही — ते कसं सांगतील? मला शुभदाने सांगितलं. ती रोज त्यांच्याजवळ असायची ना. मला वाटलं घरात सगळ्यांना माहीतच आहे."

झालं. सांगून टाकलं एकदाचं तुम्हाला.

तिचंच नाव का आलं तोंडात? याचा मी पुष्कळ विचार केलाय. घाबरलो होतो, सुचलं ते बोललो, असं म्हणता येईल. पण ते खरं नाही. तिचं नाव आलं कारण ते पटणार होतं. मधुराचं घेतलं असतं तर कार्ला म्हणाली असती, मधुरा कोण? घरात येऊन गोळ्या देणारी, इंग्रजी अडखळत बोलणारी बाई घरातलं बाहेर सांगते, हे कुणालाही पटतं. आमच्या मंडळातसुद्धा लगेच पटलं. आम्ही आयटीवाले, बँकवाले, आम्हाला केअरवाल्यांबद्दल असं काही ऐकलं की खरंच वाटतं. मला हे माहीत होतं. त्या एका क्षणात मला ते नीट माहीत होतं.

कार्लाने एजन्सीला तक्रार केली. पेशंटची खाजगी गोष्ट बाहेर बोलली. शुभदाची त्या घरची भेट कायमची बंद झाली, मग बाकीच्या घरांच्याही, मग चौकशी, मग नोकरी गेली. आणि तिच्या व्हिसाला नोकरी बांधलेली. साठ दिवसांत दुसरी एजन्सी व्हिसासकट घेणारी शोधा, नाहीतर परत जा, असं ते असतं. तक्रारीवर काढलेल्या माणसाला कोण घेणार?

ती आमच्याकडे आली, शनिवारी सकाळी, ते पत्र घेऊन. तिला एजन्सीने नाव सांगितलं नव्हतं, फक्त एका शेजाऱ्याने सांगितलं एवढंच. अनघा योगाच्या क्लासला गेली होती. शुभदा सोफ्याच्या कडेला बसली, कोट न काढता. म्हणाली, "दादा, मला तर ती गोष्ट तुमच्या तोंडूनच कळली जी, त्या दिवशी हॉलमध्ये. तुम्हाला काकांनीच सांगितली असेल ना? मग तेवढं एजन्सीच्या लोकांना सांगा ना. तुमचं ऐकतील ते. मी असं नाही केलं, एवढं फक्त सांगा."

आणि मी काय म्हणालो?

"बघतो."

म्हटलं ना — बघतो. मग चहा विचारला. ती नको म्हणाली, तिला बस होती.

त्यानंतर तिचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. अनघा म्हणत होती, "शुभदा असं करायची नाही रे, मला पटतच नाही." मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "माणसाचं काही सांगता येत नाही." हे तिने पुढे दोघी-तिघींना ऐकवलं, सुधीरसुद्धा असंच म्हणतो म्हणून. म्हणजे तेही माझ्याच खात्यावर.

आणखी एक आहे. हे सांगायला सगळ्यात जड जातंय. काका हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मी भेटायला गेलो. न जाऊन कसं चालेल, लोक काय म्हणतील? पलंग खाली हॉलमध्ये आणला होता. कार्ला उशी सारखी करत मला सांगत होती की ती बाई अजून नाकबूलच करतेय, तोंड वर करून. काका ऐकत होते. त्यांना सगळं कळत होतं, फक्त शब्द येत नव्हते, एक "नो" तेवढा राहिला होता. ते "नो, नो" म्हणायला लागले. डावा हात उचलला आणि माझ्याकडे केला. परत "नो", परत माझ्याकडे. कपाळावरच्या शिरा फुगल्या. कार्लाला कळेना. माझ्यामागे टेबलावर पाण्याचा ग्लास होता. मी म्हणालो, "पाणी हवंय वाटतं त्यांना." आणि मीच ग्लास त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड मिटून घेतलं, पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, आणि मी टिश्यूने पुसलं. कार्ला म्हणाली, यू आर सो गुड विथ हिम.

त्यांचं बोलणं गेलंय याचं मला हायसं वाटत होतं. हे असं लिहून काढलं की कसं दिसतं बघा. पण वाटत होतं. दर वेळी त्या घरावरून जाताना मी मनात म्हणायचो, अजून बोलत नाहीत ना, बरं.

शुभदा मार्चमध्ये परत गेली. मुलीसाठी इथे शाळा बघून ठेवली होती तिने, हे मला अनघाकडून कळलं. जाताना मला एक मेसेज आला: "दादा, निघते. वहिनींना सांगा." तिला कळलं होतं का? असेल. मला कधी विचारलं नाही तिने, आणि मी कधी सांगितलं नाही. आता ती नागपूरला एका खाजगी दवाखान्यात आहे म्हणतात. फॉर्मवर मागची नोकरी का सोडली असं विचारतात तिथे ती काय लिहीत असेल?

काका त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. फ्युनरलला बेडफर्डची सगळी जुनी इटालियन मंडळी आली होती, काठ्या टेकत. त्यांच्यात रिवाज आहे, शवपेटी बाहेर नेताना गेलेल्या माणसाचं आवडतं गाणं लावतात, आणि सगळे थांबून होते, कारण रेनातोचं गाणं कुठलं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. काकूंनी ते लावू दिलं नाही. नुसता ऑर्गन वाजला. एक म्हातारा शेजारच्याला काहीतरी विचारत होता आणि तो खांदे उडवत होता. काकू पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या, पेटी जवळून गेली तरी उठल्या नाहीत. मी चौथ्या रांगेत होतो, काळा सूट, अनघाने दिलेला रुमाल हातात.

निवेदन मी अजूनही करतो. काही महिने बोलावलं नाही तर बरं, असं मला वाटत होतं, पण बोलावलं. कुणाला काय माहीत?

या ईस्टरला कार्ला आली होती. हातात केक, कबुतराच्या आकाराचा, वर बदाम, त्यांच्याकडे ईस्टरला करतात तसला. काकूंनी स्वतः केला होता, काका गेल्यानंतर पहिल्यांदाच ओव्हन लावला म्हणाली. दारातच उभी राहून तिने मला मिठी मारली. म्हणाली, तेव्हा फार वाईट दिवस होते, मी तुला थँक्स म्हणालेच नाही. दुसरा कुणी असता तर त्या बाईचं नाव सांगायला कचरला असता, तुमच्याच माणसांतली ती. तू खरं ते सांगितलंस. मॉमलाही तेच वाटतं.

मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम."

मग मी केक आत नेला. अनघाने चहा टाकला. केक चांगला झाला होता, आतून अगदी मऊ, संत्र्याच्या सालीचा वास होता त्याला. मी दोन तुकडे खाल्ले.